तिसऱ्या पिनचा कोपरा

कळंब, १६ डिसेंबर २०२४

विरेशअण्णा,

वर नमस्कार लिहिलेला नाही. विसरले म्हणून नाही.

काल सोलापूरच्या दवाखान्यात मल्हारचा डावा पाय गुडघ्याखाली कापला. तीन आठवडे डॉक्टर वाचवू म्हणत होते, पण जखम काळी पडत गेली. तुला हे कळलं असेल किंवा नसेल. तू माझा फोन घेत नाहीस, व्हॉट्सॅपवर मला बंद केलंयस, म्हणून कागद घेतला. रजिस्टर करून पाठवतेय, म्हणजे मिळालं नाही असं तुला म्हणता येणार नाही.

मल्हार कोण ते तुला सांगायची गरज नव्हती. पण तू विसरल्यासारखा वागतोयस, म्हणून सांगते. आयटीआयला दोन वर्षं तो तुझ्या शेजारच्या लेथवर उभा होता. अकरा वर्षं झाली, डेपोची एसटी चालवतो. सुट्टीच्या रविवारी तू बांधलेल्या गाडीत बसून तुझ्यासाठी शर्यतीत पळवायचा, कारण तू बांधलेल्या इंजिनावर त्याचा तुझ्यापेक्षा जास्त विश्वास. चोवीस नोव्हेंबरला शर्यतीच्या धावपट्टीवर, तिसऱ्या धावेत इंजिन फुटलं, ऑईल पुढच्या चाकांखाली आलं, गाडी फिरली आणि सिमेंटच्या कठड्यावर जाऊन आपटली. तू शंभर पावलांवर उभा होतास.

आणि संयोजकांना तू काय लिहून दिलंस? मल्हारनं गिअर चुकवला. तिसऱ्यातून चौथा टाकायच्या ऐवजी दुसरा टाकला, इंजिन नको तेवढं फिरलं आणि क्रँक तुटला. हे मला तुझ्याच ओळखीच्या एका माणसानं सांगितलं, गंमत सांगावी तसं. पन्नास माणसं मागं बसवून रोज घाट उतरणाऱ्या ड्रायव्हरला दुसरा आणि चौथा गिअर कळत नाही, असं तू सही करून लिहिलंस. तो तेव्हा बेशुद्ध होता. नाही म्हणायला त्याच्याकडं तोंडच नव्हतं.

आता तू काय लिहिलं नाहीस ते मी लिहिते.

सप्टेंबरात महालक्ष्म्यांच्या सणाला तू चार वर्षांनी घरी आलास. आप्पांशी भांडून पुण्याला गेलास, त्यानंतर पहिल्यांदा. डिकीत गोणपाटात गुंडाळलेला त्याच इंजिनाचा क्रँक होता. अव्वा पुरण वाटत होती, आप्पा तुला बघून एका हाताच्या आधारानं खुर्चीतून उठायला बघत होते, आणि तू मला म्हणालास, "प्रिया, उद्या दुपारपर्यंत घासून दे. तुझ्यासारखा हात पुण्यात नाही."

आप्पांच्या वर्कशॉपात मशीनवर चढवून मी मापं घेतली. तो आधी एकदा दहा थाऊ, म्हणजे इंचाचा शंभरावा भाग, घासलेला होता. ज्यानं कुणी घासला त्यानं तिसऱ्या पिनच्या कडेची गोलाई खाऊन टाकलेली, कोपरा एकदम काटकोनी. मी तुझं बोट धरून त्यावर फिरवलं. म्हटलं, "अण्णा, क्रँक इथूनच तुटतात." तू म्हणालास, "म्हणूनच तर आणलाय. गोलाई परत काढ." मी विचारलं, इंजिनातून ताकद किती काढणार आहेस. तू दोनशे वीस घोडे म्हणालास. दवाखान्यात मल्हारच्या तोंडून खरा आकडा कळला. तीनशे ऐंशी. कंपनीनं ते इंजिन एकशे चाळीसला बनवलेलं.

मी वीस थाऊपर्यंत घासला, गोलाई काढली, पॉलिश केलं, माझा शिक्का मारला. हातात देताना आप्पांसमोर म्हटलं, "बसवण्याआधी पुण्यात चुंबकाच्या मशीनवर चीर बघून घे. बघितल्याशिवाय बसवू नकोस." तू म्हणालास, "हो गं बाई."

बघून घेतलास? मला उत्तर माहीत आहे. तरी तुझ्या हातानं लिहिलेलं हवंय.

आणि संयोजकांना नवा कागद दे. गिअर चुकला नव्हता असं लिहून दे. इंजिन त्या धावेत किती फिरलं त्याची क्षणाक्षणाची नोंद तुझ्या लॅपटॉपमध्ये आहे, ती त्यांना दे. मल्हार शुद्धीवर आल्यापासून एकच विचारतोय, माझा हात चुकलाच कसा.

शिवप्रिया


कळंब, ३ जानेवारी २०२५

अण्णा,

मला उत्तर नाही, पण आप्पांना फोन. तोही मी बाजारात गेलेली वेळ बघून. "तिला गप्प बसायला सांगा, नाहीतर तुमच्या वर्कशॉपचं नाव जाईल." अर्धांगाचा झटका आल्यापासून आप्पांना एक वाक्य बोलायला किती वेळ लागतो ते तुला माहीत आहे. तेवढा वेळसुद्धा तू फोन धरला नाहीस. मी आले तेव्हा फोन त्यांच्या मांडीवर होता. त्यांनी मला एवढंच विचारलं, "काय... केलंय... यानं?"

मी सगळं सांगितलं. अव्वानं मधेच उठून भांडी घासायला घेतली. स्वच्छ भांडी.

आता दुसरी गोष्ट. मंगळवारी समृद्धी आली होती. मल्हारची बायको सास्तूरहून दोन बस बदलून, मांडीवर खताची पिशवी घेऊन एकटी आली. मला वाटलं भांडायला आली. ती स्टुलावर बसली, पिशवी माझ्या टेबलावर ठेवली आणि म्हणाली, "ताई, धावपट्टी झाडताना हे सापडलं म्हणून तिथल्या माणसांनी माझ्याकडं दिलं. विरेशभाऊ बाकी समदं इंजिन घेऊन गेले. ह्याच्यात काय हाय ते मला कळत न्हाय. तुमाला कळंल."

आत वाकडा झालेला कनेक्टिंग रॉडचा तुकडा होता, बेअरिंगची दोन अर्धी कडी होती आणि मुठीएवढा क्रँकचा तुकडा. तिसरी पिन, कोपऱ्यापाशी तुटलेली.

तुला मी हे नुसतं कळवतेय. तिला मात्र समजावून सांगावं लागलं. मी म्हटलं, "पिस्टन वरून मारतो, तो मार क्रँकच्या या पिनवर बसतो. मिनिटाला हजारो वेळा. मधे ही बेअरिंगं असतात, त्यांच्यात आणि पिनमध्ये ऑईलचा केसाएवढा थर. त्या थरावर सगळं तरंगतं."

"मंग गिअर चुकला तर?"

"गिअर चुकून इंजिन जास्त फिरलं, तर पिस्टन वर जाताना रॉडला ओढतो. मग खालचं कडं मरतं. हे खालचं बघ."

तिनं बोट फिरवलं. ते कडं जवळजवळ नवं होतं.

"आता हे वरचं बघ."

वरच्या कड्याचा राखाडी थर उडून तांबं उघडं पडलेलं. टर्बोचा दाब वाढवून वरून हाणलेलं बेअरिंग असंच दिसतं. तुला आणि मला हे आप्पांनी एकाच दिवशी, एकाच टेबलावर शिकवलं होतं.

मग तिला तुटलेली बाजू दाखवली. कोपऱ्यापासून निघालेल्या वळ्या, कांदा कापल्यासारख्या, एकात एक, गुळगुळीत. जवळपास दोन तृतीयांश भाग तसा. उरलेला तेवढा साखरेच्या खड्यासारखा खरबरीत. मी म्हटलं, "खरबरीत आहे तेवढा त्या दिवशी तुटला. गुळगुळीत आहे तो आधीपासून, थोडा थोडा तुटत आलेला. एका चुकीच्या गिअरनं असं होत नाही."

समृद्धीनं तो तुकडा दोन्ही हातांनी उचलून परत टेबलावर ठेवला. मग म्हणाली, "ताई, आमचे मामंजी दवाखान्यात विरेशभाऊंच्या पाया पडले. म्हणले, आमच्या पोरानं तुमचं इंजिन मोडलं, मनात ठिऊ नका."

मी विचारलं, विरेश काय म्हणाला.

"असू द्या काका, म्हणले."

अण्णा, हे मी चार वेळा लिहून खोडलं. सत्तर वर्षांचा धुळाप्पाकाका, ज्याच्या घरी तू आयटीआयच्या दिवसांत दिवाळीला जाऊन राहायचास, तो आपल्या पोराचा पाय तुटल्याबद्दल तुझी माफी मागतो आणि तू त्याला माफ करतोस. असू द्या काका. तुझी जीभ झडली कशी नाही.

तुकडा माझ्याकडं आहे. कपाटात, कुलपात. आठ फेब्रुवारीला चौकशी समिती बसणार आहे असं समृद्धीनं सांगितलं. त्याआधी तू बोल. नाहीतर मी बोलेन.

शिवप्रिया


कळंब, १३ जानेवारी

अण्णा,

तुझं पत्र मिळालं. चार ओळी, त्याही टाईप केलेल्या. "क्रँक तू घासलास. तुझा शिक्का त्यावर आहे. तपासून घे म्हणालीस ते कागदावर कुठं आहे? बोललीस तर दोघंही बुडू, मग आप्पा-अव्वांना कोण बघणार."

भावानं बहिणीला लिहिलेल्या पत्रात माझं नावसुद्धा नाही. वकिलाला दाखवून लिहिलंस का?

शिक्का माझा आहे. आणि तुला माहीत नसलेलं एक आहे. ते मी पहिल्या पत्रात लिहायला हवं होतं. लिहिलं नाही. तेव्हा तुझ्यावरचा राग इतका चांगला चालला होता की मला तो मोडायचा नव्हता.

त्या दुपारी तू आणि आप्पा आत जेवत होतात. माझं घासून झालं होतं. मी क्रँक मशीनवरून उतरवला आणि सवयीनं तिसरी पिन घासलेटात बुडवून ठेवली. पंधरा मिनिटांनी कोरडी पुसली आणि कोपऱ्यावर खडूची भुकटी चोळली. आप्पांची जुनी रीत. चीर असेल तर तिच्यात शिरलेलं घासलेट परत बाहेर येतं आणि खडूवर ओली रेघ उमटते.

उमटली. नखाएवढी लांब.

मी क्रँक परत मशीनवर चढवला. कोपऱ्यातून आणखी थोडं काढलं. पुन्हा घासलेट, पुन्हा खडू. रेघ निम्मी झाली, पण गेली नाही. आणखी काढायला पिनवर जागा नव्हती. मी ती रेघ अंगठ्यानं पुसली आणि पॉलिशला घेतला.

का, ते सांगते. माफी मिळावी म्हणून नाही. आतून आप्पांचं हसणं ऐकू येत होतं. तू त्यांना काहीतरी सांगत होतास आणि ते हसत होते, झटक्यानंतर पहिल्यांदा. मी आत जाऊन "हा क्रँक भंगारात टाक" म्हटलं असतं, तर तू चार वर्षांपूर्वी म्हणाला होतास तेच म्हणाला असतास, की या वर्कशॉपात 'नाही' सोडून दुसरा शब्द नाही. आणि ताटावरून उठून गेला असतास. म्हणून मी म्हटलं, पुण्यात तपासून घे. पुण्यातलं मशीन नाही म्हणेल, तिथला कुणी परका माणूस नाही म्हणेल, आणि माझ्यावर येणार नाही. नाही म्हणायचं काम माझं होतं. ते मी दुसऱ्याकडं ढकललं. तू तपासूनच घेतलं नाहीस.

आता हे वाचून तुझा जीव हलका होईल. होऊ देऊ नकोस. मी चीर बघून क्रँक दिला, हे माझं. तू न बघता बसवला, मला दोनशे वीस सांगून तीनशे ऐंशी काढलेस, आणि नंतर पाय गेलेल्या माणसाच्या माथी गिअर मारलास, हे तुझं. माझ्या पापानं तुझं रत्तीभर कमी होत नाही.

आणि आप्पा-अव्वांना कोण बघणार म्हणून विचारलंस. गेली चार वर्षं कोण बघतंय?

शिवप्रिया


कळंब, २८ जानेवारी

अण्णा,

रविवारी सास्तूरला जाऊन आले. तुझी वाट बघून झाली होती.

मल्हार ओट्यावर बाजेवर बसला होता. किती वाळलाय. धुळाप्पाकाका मेंढरं घेऊन माळावर गेले होते. समृद्धीनं चहा आणून माझ्यापुढं ठेवला. म्हणाली, "दिवसभर असंच बसत्यात. बसल्या बसल्या हात हलतो बघा. तिसरा, चौथा. तिसरा, चौथा."

मल्हार म्हणाला, "प्रिया, एकच सांग. गिअर बराबर व्हता का न्हाय?"

"बरोबर होता. क्रँकला आधीपासून चीर होती."

तो समृद्धीकडं बघून म्हणाला, "ऐकलंस?" ती म्हणाली, "मी कवाच सांगितलं व्हतं." तो पुन्हा माझ्याकडं वळला. "मंग दोन महिने मी सोताला शिव्या घालतोय ते कशापायी? विरेशला ठावं व्हतं?"

"लॅपटॉपमध्ये नोंद आहे. त्यानं त्याच दिवशी बघितली असणार."

"आन तो दवाखान्यात माझ्या उशाला बसून मला म्हणला, हुतं असं, घाईत हात चुकतो."

हे तू मला कधी सांगितलं नव्हतंस. उशाला बसून.

मी तिथंच थांबले असते तर मल्हारच्या घरी मी देवमाणूस ठरले असते. चहा पिऊन, समृद्धीच्या हातचं कुंकू लावून परत आले असते. खरं सांगते, एक क्षण तसं करावं असं वाटलं. मग मी घासलेट आणि खडूचं सांगितलं. रेघ निम्मी झाली तेही. अंगठ्यानं पुसली तेही.

समृद्धीनं विचारलं, "म्हंजे तुमी बघितली व्हती?"

"होय."

तिनं माझ्यापुढचा चहाचा कप उचलला आणि आत नेला. भरलेला होता.

मल्हार आवाज न चढवता बोलला. त्यानं आरडाओरडा केला असता तर बरं झालं असतं. म्हणाला, "विरेशनं न बघता घातलं. तू बघून दिलंस. तुमच्यात मोठं कोण ते तुमीच ठरवा. माझा पाय दोगं बहीणभाऊ वाटून घ्या."

मग त्यानं विचारलं, "समितीम्होरं सांगशील?"

"सांगेन."

"त्याचं बी आन तुझं बी?"

"दोन्ही."

"मंग जा आता. म्हातारा यायच्या आत जा. त्यानं तुला बघितलं तर चहापाणी विचारल, आन मला ते बघवणार न्हाय."

बस दीड तासानं होती. मी फाट्यावर उन्हात उभी राहिले. तिथं कडब्याच्या गाड्या चालल्या होत्या, लोक विचारत होते कुणाकडं आलाव. मला कुणाचंच नाव घेता येईना.

तुझा राग मला येतो, तो आता आणखीच येतो. कारण तू पहिल्या दिवशी खरं बोलला असतास तर मला स्वतःकडं बघायची वेळ लवकर आली असती. हे न्यायाचं बोलणं नाही, मला कळतं. तरी लिहिते.

शिवप्रिया


कळंब, ९ फेब्रुवारी

अण्णा,

काल तू माझ्यापासून तीन खुर्च्यांवर बसला होतास आणि आपण बोललो नाही, म्हणून पुन्हा कागदच.

मी तुकडा टेबलावर ठेवला, बेअरिंगची कडी ठेवली, लिहून नेलेलं वाचलं. समितीतल्या त्या म्हाताऱ्या इंजिनिअरनं भिंग लावून वळ्या बघितल्या. मग चष्मा काढून मला विचारलं, "बाई, चीर दिसली होती, तरी क्रँक दिलात?" मी म्हटलं, "दिला." तेव्हा तू माझ्याकडं बघितलंस. दोन महिन्यांत पहिल्यांदा.

मला वाटलं, आता बोलेल. त्यांनी तुला नोंद मागितली. तू म्हणालास, "लॅपटॉप खराब झाला. सगळं गेलं."

सगळं गेलं. मल्हार कुबड्या भिंतीला टेकवून तुझ्या समोर बसला होता, अण्णा.

निकाल तू ऐकलासच. गिअरचा शेरा त्यांनी खोडला, पण "सिद्ध होत नाही" म्हणून. गिअर बरोबर होता असं त्यांनी लिहिलं नाही, कारण नोंद नाही. तीन वर्षं तुझं इंजिन शर्यतीत चालणार नाही, माझ्या शिक्क्याचा क्रँकही नाही. मला मान्य आहे. त्यांनी कमीच केलं.

जिन्यात तू मला गाठलंस आणि म्हणालास, "झालं समाधान?"

मी नाही म्हटलं ते तू ऐकलंस का माहीत नाही, कारण तेवढ्यात मल्हार एक एक पायरी उतरत आला आणि तू मोबाईलकडं बघत बाजूला झालास. त्याला वाट दिलीस, एवढं मात्र केलंस.

"सिद्ध होत नाही" एवढ्यावर तो माणूस जन्म काढणार का? डेपोत त्याला आता टेबलाचं काम देणार आहेत. तिथं रोज चाळीस ड्रायव्हर येतील-जातील. प्रत्येकाला गिअरचं ऐकून माहीत आहे.

लॅपटॉप खराब झालेला नाही. तू लहानपणी खोटं बोलायचास तेव्हाही असंच कमी शब्दांत बोलायचास.

शिवप्रिया


कळंब, ५ मार्च

अण्णा,

काल समृद्धीचा फोन आला. तो कप उचलून नेल्यानंतर समितीच्या दिवशीही ती माझ्याशी बोलली नव्हती. म्हणाली, "ताई, तुमाला सांगावं असं ह्यांनी सांगितलं, म्हणून करतेय."

महाशिवरात्रीच्या दुसऱ्या दिवशी तू सास्तूरला गेला होतास. एकटा. धुळाप्पाकाका घरी असतील अशी वेळ बघून. त्या धावेचा आलेख छापून नेला होतास, आणि त्याच्यावर बोट ठेवून म्हाताऱ्याला समजावलंस की इंजिन किती फिरलं, कुठं तिसरा सुटला, कुठं चौथा पडला. गिअर बरोबर होता असं म्हणालास. मी खोटं लिहून दिलं असं म्हणालास. समितीलाही तोच आलेख पाठवल्याची पोच दाखवलीस. धुळाप्पाकाकांना आकडे कळले नसतील. ते तुझं सगळं ऐकून उठले, काठी घेतली आणि मेंढरांकडं गेले. समृद्धी म्हणाली, तुमचे भाऊ त्यांच्या पाठीकडं बघत उभे राहिले, लई वेळ.

इथपर्यंत ऐकून मी स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर बसले.

मग तिनं पुढचं सांगितलं. मल्हारनं तुला विचारलं, "आन प्रियाचं काय?" तू म्हणालास, "तिचा काही संबंध नाही. तिनं तपासून घे म्हणून सांगितलं होतं. क्रँक माझ्यामुळं तुटला." मल्हार म्हणाला, "तिनं मला समदं सांगितलंय, विरेश. तुझ्यासमोर समितीत बी वाचलं तिनं." तरी तू म्हणालास, "तिचा काही संबंध नाही."

याचा मला आधीच्या सगळ्यापेक्षा जास्त राग आला. दिवसभर वर्कशॉपात एक माप सरळ घेता आलं नाही. तीन महिने तू स्वतःचं दुसऱ्याच्या डोक्यावर टाकलंस, आणि आता मोठा भाऊ होऊन माझंही उचलून न्यायला निघालास. ते तुझं नाही. त्या तुकड्यावर तुझा वाटा आहे आणि माझा आहे, आणि माझा मी मल्हारला, त्याच्या बायकोला, चौकशीला बसलेल्या पाच अनोळखी माणसांना आपल्या तोंडानं सांगितलाय. मला त्यातून कुणी बाहेर काढायला नकोय. तू तर नकोसच.

तू गेलास, हे मात्र बरं केलंस. एवढंच लिहिते, याहून गोड मला आज लिहिता येत नाही.

इकडं काम निम्म्यावर आलंय. गेल्या आठवड्यात ढोकीहून एकजण ट्रॅक्टरचा क्रँक घेऊन आला. चीर होती. मी त्याच्या तोंडावर नाही म्हटलं. तो म्हणाला, कारखान्याची गाडी थांबलीय, ऊस वाळतोय, चालवून घ्या. मी पुन्हा नाही म्हटलं. शिव्या देत गेला, म्हणाला तुमच्या आप्पांनी घासून दिला असता. आप्पा मागंच खुर्चीत होते. त्यांनी डावा हात हलवला, नाही म्हणून.

सास्तूरहून तू कळंबला न येता परस्पर पुण्याला गेलास. आप्पांना मी काल सांगितलं, अण्णा सास्तूरला येऊन गेला आणि काय बोलला. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मला वाटलं काहीतरी मोठं बोलतील. बराच वेळ ओठ हलत राहिले.

मग त्यांनी विचारलं, "तिथं... जेवला का?"

मी म्हटलं, माहीत नाही.

तेवढं कळव.

शिवप्रिया